मांजर, नग एक

आमचा हेडक्लार्क एका मंगळवारी सकाळी वारला. दप्तरखान्यात, मृत्यूच्या रजिस्टरांच्या कपाटामागे, चारी पाय ताणून. वय वर्षं तेरा. शिपायाने त्याला जुन्या पोत्यात गुंडाळून मागच्या आवारात पुरलं आणि त्या दिवशी आम्ही चहा अर्धा तास उशिरा घेतला.

हेडक्लार्क म्हणजे बोका. खऱ्या हेडक्लार्कची जागा सहा वर्षं रिकामी होती. भरती बंद होती, खुर्ची मात्र गादीसकट शाबूत होती, आणि शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावतंच. तो त्या खुर्चीत बसायचा. बाहेरचं माणूस येऊन "हेडक्लार्क कुठे भेटतील?" म्हणालं की आम्ही बोट दाखवायचो. काही लोक खरोखर त्याच्यापुढे कागद ठेवायचे. तो कागदावर बसायचा. आधीचे हेडक्लार्कही तेच करायचे असं जुने लोक सांगतात.

पण बोका कामाचा होता. आमचं ऑफिस जन्ममृत्यूच्या नोंदणीचं. पुढे काउंटर, वर साहेब, मागे लांबलचक दप्तरखाना. त्यात छतापर्यंत मांडण्या आणि मांडण्यांवर ऐंशी वर्षांची रजिस्टरं. त्यांची बांधणी पिठाच्या खळीने केलेली. उंदरांना कागदाची फारशी गोडी नसते, त्यांना खळ हवी असते. पण खळीपर्यंत पोचायचं तर कागदातून जावं लागतं. बोका गेला आणि आठवड्याभरात एका अख्ख्या गल्लीचे जन्म कुरतडले गेले.

दप्तरखाना सांभाळायचे ते दप्तरकाका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगावर बाराही महिने राखाडी स्वेटर, आणि स्वभाव असा की कुणी "किती वाजले?" विचारलं तर घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे आधी सांगायचे. मी टायपिस्ट. माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी अर्ज सांगितला.

"विषय: उंदीर निर्मूलनासाठी मांजर, नग एक, मिळणेबाबत."

"बोका लिहू की मांजरी?"

"तसं काही लिहू नका बाई. आपण निवड केली की वर शंका येते."

तीन प्रती काढल्या. एक मुख्यालयाला, एक साहेबांना, एक फायलीला. फायलीची प्रत तिसऱ्या दिवशी उंदरांनी खाल्ली.

चार महिन्यांनी मुख्यालयाची गाडी आली आणि गाडीवाल्याने तीन खोकी उतरवली. एकात छोटा टीव्ही, दुसऱ्यात टेपरेकॉर्डर, तिसऱ्यात वहीएवढी काळी पेटी, तिच्यावर रबरी बटणं. सोबत एक कॅसेट. वेष्टनावर पिवळ्या मांजराचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'मांजर'. पत्रात लिहिलं होतं की आपल्या मागणीनुसार मांजर, नग एक, आधुनिकीकरण योजनेखाली पाठवण्यात येत आहे, पोच द्यावी.

दप्तरकाकांनी पत्र दोनदा वाचलं. "हे मांजर नाही."

"काका," गाडीवाला म्हणाला, "कागदावर मांजर, खोक्यावर मांजर, कॅसेटवर मांजर. तीन ठिकाणी मांजर आहे. अजून कुठे पाहिजे तुम्हाला?"

"खोक्याच्या आत."

आवाज ऐकून साहेब खाली आले. आमच्या साहेबांना बढतीची घाई होती आणि मुख्यालयातून आलेली वस्तू परत पाठवणं म्हणजे त्यांच्या लेखी वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं होतं. "परत पाठवलं तर आपण जुनाट ठरू," ते म्हणाले. "घ्या." काकांनी सही केली, पण 'मांजर मिळाले' असं छापलेलं खोडून वर 'खोकी मिळाली' असं लिहिलं.

यंत्र दप्तरखान्यातच मांडलं, कारण मागणी तिथली होती. पुस्तिका वाचून जोडणी मी केली. बटणांच्या कामाशी माझा तेवढाच संबंध, पण इतरांचा तेवढाही नव्हता. कॅसेट लावली आणि टेपरेकॉर्डरमधून असा कर्कश आवाज सुरू झाला की जणू पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय. पाच मिनिटं तो चालला. मांडण्यांमागे धावाधाव ऐकू आली, आणि मग सगळं शांत झालं.

दोन दिवस एक उंदीर दिसला नाही. दप्तरकाका मांडण्यांच्या खाली वाकून बघत फिरत होते. "बाई, मी उगाच बोललो हो," ते म्हणाले. "आपल्याला कळत नाही, पण त्यात काहीतरी असेल." माणूस इतका सरळ की यंत्राची माफी मागायचीच काय ती बाकी होती.

तिसऱ्या दिवशी टीव्हीमागे हात घातला तर वायरींच्या मधल्या विजेच्या डब्यावर एक उंदरीण बसलेली. तो डबा छान कोमट राहायचा. तिच्या पोटाशी पाच गुलाबी पिल्लं होती, आणि खाली अंथरायला एका बड्या घराण्याची जन्मनोंद बारीक करून घेतलेली. काकांनी वाकून पाहिलं. "ऑफिसात झालेला हा पहिलाच जन्म," ते म्हणाले, "आणि नोंदवायला रकाना नाही." त्यांनी पिल्लांना हात लावला नाही. डबा गरम आहे तोवर राहू दे म्हणाले. मारायचं काम मांजराचं, माझं नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या कॅसेटमधून टीव्हीवर यायचा त्या खेळाबद्दल सांगते. पडद्यावर एक स्वयंपाकघर. चार फळ्या, फळ्यांवर बरण्या, भिंतीला सहा बिळं. बिळांतून उंदीर निघायचे आणि फळीवरचा पनीरचा तुकडा घेऊन पळायचे. आपण मांजर. दोन बटणं डावीउजवीकडे जायला, एक उडी मारायला. कोपऱ्यात मांजराच्या पोटाची पट्टी असायची. उंदीर नाही मिळाला की ती उतरत जायची, आणि संपली की मांजर चारी पाय वर करून पडायचं. पुढे एकेक नवं घर लागायचं, आणि सातव्या घरापासून एक झाडूही यायचा, कुणाच्या हातात आहे हे न दिसणारा. तो लागला तर खेळ संपला.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बारा उंदीर पकडले. आठवड्याने दोनशे चौदा. मी मिनिटाला सत्तर शब्द टाइप करणारी बाई. अकरा वर्षं दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे जन्म, दुसऱ्यांचे मृत्यू बडवत होते. कुणी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, आज किती झालं? हे यंत्र प्रत्येक वेळी विचारायचं आणि आकडा दाखवायचा. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

महिना संपला तसा मुख्यालयातून छापील तक्ता आला. 'यंत्राद्वारे पकडलेल्या उंदरांची संख्या.' दप्तरकाकांनी त्यात शून्य लिहिलं. आठ दिवसांत मेमो आला की एवढी महागाची सामग्री पुरवूनही ती पडून असल्याचे दिसते, खुलासा करावा. साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं.

"शून्य का?"

"एकही पकडला गेला नाही म्हणून," काका म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही ते चालवता ना? त्यात किती होतात?"

"एका सुट्टीत दोनशे चौदापर्यंत गेलेत."

"मग? मांजराने उंदीर पकडले की नाही पकडले?"

"पडद्यावर," काका म्हणाले.

"तक्त्यात 'कुठे' असा रकाना आहे का?"

तक्त्यात 'कुठे' असा रकाना नव्हता. काकांनी तो उलटून मागची बाजूही पाहिली. "तरी मी सही करणार नाही साहेब. शून्य म्हणजे शून्य."

"नका करू. बाई करतील." आणि तिथल्या तिथे साहेबांनी एक आदेश सांगितला आणि तो मीच टाइप केला. मला मांजरचालक नेमण्यात आलं. रोज दोन तास, कामाच्या वेळेत. जिना उतरताना काका माझ्याशी बोलले नाहीत. मी पण मान खाली घालून उतरले, पण खरं सांगते, आदेशाची एक जादा प्रत पर्समध्ये घातली होती. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत केलं, "आमची सून आता ऑफिसात मांजर चालवते." लोक विचारायला लागले, कुठपर्यंत जातं?

पहिल्या महिन्यात चार हजार तीनशे सोळा. मुख्यालयातून अभिनंदनाचं पत्र. दुसऱ्या महिन्यात नऊ हजार आठशे सत्तर. आता सांख्यिकी विभागाने गणित मांडलं की ज्या इमारतीत महिन्याला इतके उंदीर सापडतात तिथे एकूण लाखभर तरी असणार. आमचं ऑफिस 'अतिबाधित' जाहीर झालं आणि पुढचं उद्दिष्ट वाढवून आलं. माझे दोन तास चार झाले. दाखल्यांचा ढीग टाइपरायटरवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर आला. उजव्या हाताची दोन बोटं सुजली, डॉक्टरने विचारलं काय करता, मी म्हटलं उंदीर पकडते, त्याने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या महिन्यात मी अकरा हजार चारशे ब्याऐंशी पकडले.

तिकडे मांडण्यांमागचे उंदीर मजेत होते. पाच पिल्लं मोठी झाली होती. कॅसेटच्या आवाजाला ती आता बिचकत नव्हती. उलट आवाज सुरू झाला की बाहेर यायची, कारण त्या वेळेला मी जेवणाचा डबा उघडायची हे त्यांना ठाऊक झालं होतं. पडद्यावर मांजर उड्या मारायचं आणि माझ्या पायापाशी उंदीर पावाचे चुरे खायचे. मी पाय वर घेऊन बसायची. खेळ थांबवला तर पट्टी उतरायची ना.

अशातच सुईणबाई आल्या.

त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण सही ओळखीची होती. चाळीस वर्षांच्या जन्मरजिस्टरात 'सुईण' या रकान्यात जिथे तिथे तीच, गिरगोट्या काढल्यासारखी. बाई ठेंगण्या, खांदे मात्र पैलवानाचे. काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "माझी मुलगी परदेशात आहे. अडतिसाव्या वर्षी पहिलटकरीण आहे. सव्वादोन महिन्यांनी दिवस भरतात. मला तिकडे जायला पासपोर्ट काढायचाय, त्याला माझ्या जन्माचा दाखला लागतो. द्या."

दप्तरकाकांनी त्यांचं वर्ष शोधलं, रजिस्टर आणलं, उघडलं, आणि तसेच उभे राहिले. पानाचा वरचा कोपरा होता, खालची कड होती. मधे अर्धवर्तुळ. वर 'मुलगी' एवढा शब्द उरला होता. तारीख, आईबापाचं नाव, पत्ता, सगळं गेलेलं.

"काय झालं?" सुईणबाईंनी विचारलं.

"तुमचा जन्म उंदरांनी खाल्लाय," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला होता की जणू त्यांनीच खाल्लाय.

"मग आता?"

"साहेबांना शेरा द्यावा लागेल. पान उंदरांनी नष्ट केलं, असा. मग पुन्हा नोंद करता येते."

आम्ही तिघं वर गेलो. साहेबांनी रजिस्टर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उंदरांनी? कोणत्या उंदरांनी?"

"आपल्या," काका म्हणाले.

"आपल्याकडे उंदीर कुठे आहेत? तीन महिन्यांत पंचवीस हजार सहाशे अडुसष्ट पकडलेत आपण. मुख्यालयाने हे ऑफिस परवाच उंदीरमुक्त जाहीर केलंय. उद्या मी लिहून देऊ की उंदराने पान खाल्लं?"

तेवढ्यात एक उंदीर कपाटाखालून निघाला, सतरंजीच्या मधोमध थांबला, मिशा हलवल्या आणि पलीकडे गेला. आम्ही चौघांनीही तो पाहिला. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "लावून घ्या जरा ती," ते म्हणाले, "वारा येतोय."

"मग हे पान कुणी खाल्लं साहेब?" काकांनी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारतोय. उंदीर नाहीत, म्हणजे उंदरांनी खाल्लेलं नाही. पान तुमच्या ताब्यात होतं. मग राहिलं कोण?"

या ऑफिसात असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी रजिस्टर मिटून काखेत घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी साहेबांनी नोटीस सांगितली. अभिलेखाची हेतुपुरस्सर हानी केल्याबद्दल आपणांस सेवेतून का काढू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. टाइप करायची मीच. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा कागद तीन वेळा चुकला. चौथ्यांदा बरोबर झाला तेव्हा तो घेऊन मी दप्तरखान्यात गेले. काका स्टुलावर बसून त्या पानाच्या कडा टाचणीने सरळ करत होते.

"काका, माझ्यामुळे झालं हे."

त्यांनी नोटीस घेतली, वाचली, पोच म्हणून सही केली, खाली तारीख घातली. "'हेतुपुरस्सर' बरोबर लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "बरेच जण चुकतात."

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑफिस सुटल्यावर मी घरी गेले नाही. पत्ता विचारत विचारत सुईणबाईंकडे गेले. स्वयंपाकघरात बसवून त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि मी सगळं सांगितलं, खोक्यांपासून नोटिशीपर्यंत. आकडे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

"पोरी, पंचवीस हजार उंदीर मारलेस म्हणतेस. मग मढी कुठेत त्यांची?"

"मढी?"

"अगं, मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली. आत जाताना कुणी माझा शब्द धरला नाही. बाहेर येताना हातात पोर दिसलं की झालं, असं म्हणायचे. तुमच्या त्या मुख्यालयाला काहीतरी हातात द्या की!" त्या उठल्या, चुलीजवळच्या टोपलीतून एक करडी मांजरी मानेला धरून उचलली आणि आपल्या जुन्या बाळंतपणाच्या चामडी पिशवीत घातली. मांजरीने हूं की चूं केलं नाही. "ही ने. वर्षाला दोनदा विते, पोट कधी भरत नाही. सरकारी नोकरीला एकदम लायक."

दुसऱ्या दिवशी करडी दप्तरखान्यात शिरली. तिने टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी पाच. पाव खायला येणारी पाचही पिल्लं त्यात गेली, आणि मला वाईट वाटलं हे मी लपवणार नाही; त्यातल्या एकाला मी नाव ठेवायच्या बेतात होते. काका रोज सकाळी मढी वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचे, लांबी मोजायचे आणि वहीत लिहायचे. सहाव्या दिवशी संख्या एकोणीस झाली.

सातव्या दिवशी खुलासा द्यायचा होता. काका माझ्या टेबलापाशी आले.

"लिहा बाई. 'उपरोक्त नोटिशीस अनुसरून सादर करण्यात येते की, या कार्यालयात उंदीर आहेत.' पूर्णविराम. 'सोबत: शेपट्या, नग एकोणीस.'"

मी हात थांबवला. "खरंच जोडायच्या?"

"पुराव्याशिवाय मी कधी नोंद केलेली नाही."

मग मी त्यांना थांबवून खाली माझी एक ओळ घातली: मांजरचालक या नात्याने मी नमूद करते की आजवर कळवलेले पंचवीस हजार सहाशे अडुसष्ट उंदीर हे चित्रातले होते. आणि सही केली. सही करताना सुजलेली बोटं दुखली. काकांनी ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चहा घेणार का?" एवढंच म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

शेपट्या मिठात वाळवून, टाचण्यांनी पुठ्ठ्यावर लावून, क्रमांक घालून, साहेबांना न दाखवता थेट मुख्यालयाला गेल्या. तिथल्या आवक विभागातली बाई पाकीट उघडून टेबलावर चढली म्हणे. दोन तास कुणी तिला खाली उतरवू शकलं नाही. पाचव्या दिवशी मुख्यालयातले सुधारणा अधिकारी, आधुनिकीकरण योजना ज्यांची ते, स्वतः गाडीतून उतरले. उंच गृहस्थ, कोटाच्या खिशात चार पेनं. साहेबांचं पाणी पाणी झालं होतं. मला वाटलं, आता माझी आणि साहेबांची वरात एकदमच निघणार.

अधिकाऱ्यांनी यंत्र पाहिलं. मला खेळून दाखवायला लावलं. मग दप्तरखान्यात फिरले. एका मांडणीवर करडी तोंड पुसत बसली होती.

"ही कोण?"

"मांजर," काका म्हणाले. "शेपट्या हिच्या कामगिरीच्या आहेत. यंत्राच्या नाहीत."

अधिकारी विचारात पडले. खाली वाकून करडीकडे पाहिलं, वर टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा करडीकडे. "ही यंत्र बसवण्याआधी होती?"

"नाही. चार महिन्यांनी आली."

"आणि आधी शेपट्या मिळत होत्या?"

"नाही."

"म्हणजे यंत्र बसवलं, चार महिने चालवलं, आणि मग शेपट्या यायला लागल्या." त्यांचा चेहरा उजळला. "वाटलंच होतं मला! परिणाम दिसायला वेळ लागतोच. पंचवीस हजारांपैकी एकोणीस प्रत्यक्ष हाती आले. पहिल्याच टप्प्यात!"

"साहेब, तसं नाही ते—" काकांनी सुरुवात केली.

"आणि बाई," अधिकारी माझ्याकडे वळले, "तुमची ती ओळ वाचली मी. एवढा विनय बरा नव्हे."

डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं, पण एकोणीस उंदरांतून डोंगर काढणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आमच्या साहेबांना मुख्यालयात नव्या मूषक कक्षाचं प्रमुख केलं. जाताना यंत्र आणि कॅसेट ते सोबत घेऊन गेले. चालकही मागत होते. मी डॉक्टरचं बोटांबद्दलचं सर्टिफिकेट पुढे केलं. काकांची नोटीस मागे घेतली गेली. 'कार्यालयात उंदीर होते असे यंत्रामुळे सिद्ध झाल्याने,' असं कारण लिहिलं होतं. काकांनी त्यावर लाल पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि फाइल केलं.

राहिला सुईणबाईंचा दाखला. उंदीर होते हे आता मान्य झालं, पण फेरनोंदीला जन्माचा साक्षीदार हवा. त्यांचे आईवडील, शेजारीपाजारी, कुणीच उरलं नव्हतं. तिकडे मुलीचे दिवस भरत आले होते. काकांनी नियमांचं जुनं पुस्तक काढलं आणि दोन दिवस पान पान वाचलं. तिसऱ्या दिवशी सुईणबाईंना काउंटरवर बोलावलं.

"नियम असा आहे. प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या नोंदणीकृत सुईणीची सही असेल तर दुसरा साक्षीदार लागत नाही. तुम्ही नोंदणीकृत आहात?"

"नंबर एकशे बारा."

काका जरा घुटमळले. "आणि तुमच्या जन्माच्या वेळी तुम्ही हजर होतात?"

सुईणबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग ओठ हलले. "होते की. सुरुवातीपासून."

"मग इथे सही करा."

त्यांनी गिरगोट्या काढत सही केली. शेजारच्या रकान्यात 'प्रसूती सुलभ झाली का?' असा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, पायाळू होते, आईला त्रास झाला, तेही लिहा. काकांनी लिहिलं. त्या गेल्यावर ते बराच वेळ पुटपुटत होते, "यात खोटं अक्षर एक नाही. एक नाही." मी म्हटलं, नाहीच मुळी. शिक्का मीच मारला. बाई वेळेवर पोचल्या. मुलगी झाली, आठ पौंडांची, असं कार्ड आलं. खाली करडीला फार खायला घालू नका, अशी ताकीद.

त्यानंतर काकांची निवृत्ती होईपर्यंत आम्ही दोघांनी कुरतडलेली रजिस्टरं पुन्हा लिहून काढली. ज्यांची पानं गेली होती त्यांना बोलावणी पाठवली. रांगा लागल्या. आणि काय सांगू, उंदरांनी खाल्लं त्याहून जास्त माणसांनी खाल्लं! एक शाळामास्तर तीन वर्षांनी लहान झाले. दोन जुळ्या बहिणी आल्या, त्यातली एक दुसरीपेक्षा दीड वर्षाने धाकटी निघाली. काका प्रत्येकाला विचारायचे, "नक्की?" आणि माणूस म्हणायचा, "अगदी नक्की." मग ते उसासा टाकून सांगायचे, "लिहा बाई."

एकदा ते चहाला गेले असताना मी माझं वर्ष काढून पाहिलं. माझं पान मात्र शाबूत होतं. कुठे उंदराचा दात लागलाय का म्हणून मी दोनदा बघितलं.